एकशेचाळीसची गोष्ट

शालिक,

तुझ्याशी बोलताना मला एक सोय होती. मी गोष्ट फुगवायला लागलो की तू चहाच्या ग्लासावरून नुसता वर बघायचास, आणि मला कळायचं की आता थोडी हवा सोडायची. आज अर्धा तास झाला, कागद पुढ्यात घेऊन बसलोय. वर बघणारं कोणी नाही. किती फुगवतोय याचा अंदाजच येत नाही, आणि गड्या, मला त्याचीच भीती वाटून राहिली आहे.

जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण, हे सगळं समाजभवनाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं आहे. छान अक्षरात. मी त्यातलं काही लिहिणार नाही. मी गाडीबद्दल लिहिणार, कारण गाडीबद्दल खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं आणि त्यातला एक गेला.

सेक्टर 10 मधल्या त्या रिटायर साहेबाचं गॅरेज आठवतं? साहेब क्वार्टर सोडून मुलाकडं निघाले होते, आणि ताडपत्रीखाली ती होती. इंग्रजांच्या देशात बनलेली, दोनच सीटांची, बिनछताची, इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यानं ढुंगणाला चिमटा काढावा. कोंबड्यांनी तिच्यात संसार मांडला होता. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की सीटखालून छत्तीस अंडी निघाली आणि वर फणा काढलेला नाग. खरं म्हणजे अंडी चार होती आणि नाग म्हणजे ब्रेकची जुनी नळी. तू असतास तर म्हणाला असतास, तीन. बरं, तीन.

तिचं मूळ इंजिन तडकलेलं होतं. भेग एवढी मोठी की मी म्हणालो, हिच्यातून दुर्ग स्टेशन दिसतं. तसलं इंजिन आपल्या देशात मिळणार नव्हतं, आणि मिळालं असतं तर ते घ्यायला आपल्याला आपला पोलादाचा प्लांटच विकायला काढावा लागला असता. दुसरा कोणी असता तर त्यानं गाडी धुऊन, रंगवून, दारात शोभेला ठेवली असती. तू मरोद्याच्या घरामागच्या शेडमध्ये तिच्याभोवती दोन महिने नुसता फिरलास. हातात टेप, कानावर पेन्सिल. आणि मग एका सकाळी म्हणालास की दुसऱ्या कंपनीचं बसवू. जपानी. टॅक्सीवाले चालवतात त्या सात सीटांच्या गाडीचं. डिझेल.

मी तेव्हा जे बोललो त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. म्हणालो की हे म्हणजे नवरीच्या गळ्यात ट्रॅक्टरचा हॉर्न बांधल्यासारखं आहे. इंग्रजी बाईच्या पोटात जपानी पैलवान. दोन घराण्यांचं जमायचं नाही, खानदान बघ, जात बघ. तू टेप गुंडाळलास आणि शांतपणे म्हणालास, "लोखंडाले जात नसते, नामू. माप असते. माप जुळलं की बसते."

हे तू मला चाळीस वर्षांत कितीदा तरी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं होतंस, गाडीच्या निमित्तानं आणि गाडीशिवाय. एका बाकावर डबे उघडून बसणारी आपली दोन घरं, तुझं बुद्धवंदनेचं आणि माझं हनुमानाचं. तुझ्या घरचं जेवलो तर माझी आई आधी गप्प व्हायची, मग काही वर्षांनी तीच विचारायला लागली की शालिकच्या बायकोनं आज काय दिलं. ते आठवून मी त्या दिवशी गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं. माप जुळत नव्हतं, शालिक. दोन बोटं जुळत नव्हतं.

पण आधी इंजिन. रायपूरकडच्या त्या भंगाराच्या वखारीत आपण गेलो तेव्हा मी वाटेतच म्हणालो होतो की आज डावा डोळा लवतोय. तू म्हणालास की झोप झाली नसेल. ती सात सीटांची गाडी कोपऱ्यात पडली होती, लग्नाहून परत येताना उभ्या ट्रकवर गेलेली. डावी बाजू नव्हतीच. उजवीकडं मात्र इंजिन जसंच्या तसं, तेलसुद्धा सांडलं नव्हतं. वखारवाला म्हणाला, आत पाहू नका, काढा आणि घेऊन जा. आणि तू नेमकं पाहिलंस. रेडिएटरच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या अडकलेल्या होत्या, वाळून काळ्या पडलेल्या, दहा-बारा असतील. बोनेटवरच्या हाराच्या. तू एक एक पाकळी चिमटीनं काढलीस, रुमालात ठेवलीस आणि रुमाल खिशात घातलास. तू त्या रुमालाचं पुढं काय केलंस ते मी कधी विचारलं नाही. माझ्या दंडावरचे केस त्या दिवशी उभे राहिले ते अजून पूर्ण बसलेले नाहीत, आणि हे फुगवून सांगत नाहीये.

मी नारळ फोडू म्हणालो. "नारळानं बोल्ट टाइट होत नाई," तू म्हणालास. झालं. तेव्हापासून मी अख्ख्या मरोद्याला सांगत सुटलो की इंजिनात वरात आहे. स्टार्ट केलं की आधी बँड वाजतो, मग इंजिन. बायका तुझ्या शेडवरून जाताना पदर सावरायला लागल्या. तुझ्या घरी मंगलावहिनी मला रागावल्या, की भाऊजी, लोक काय काय विचारून राहिले. तू हसायचास. पण ज्या दिवशी ते पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी तूही मान तिरकी करून ऐकलं होतंस, मी पाहिलं.

त्या भुताच्या नादात मी खऱ्या गोष्टीकडं पाहिलंच नाही.

इंजिन गाडीत उतरवलं तर त्याचं खालचं तेलाचं भांडं, आपलं चेंबर, खालच्या आडव्या तुळईवर आदळत होतं. दोन बोटं. ज्यांनी गाडीखाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पुढची दोन्ही चाकं त्या एका तुळईवर तोललेली असतात. ती गेली की चाकं दोन दिशांना जातात आणि माणूस तिसऱ्या. तू तीन आठवडे मापं घेतलीस. शेवटी ठरवलंस की तुळईला मधोमध खाच पाडायची, चेंबर त्यात बसवायचं, आणि जेवढं लोखंड काढलं त्याच्या दुप्पट जाड पट्ट्या दोन्ही बाजूंनी वेल्ड करायच्या. फिटर तू, वेल्डर मी. प्लांटच्या वर्कशॉपमध्ये जसं चालायचं तसंच. तू कापलंस, मी जोडलं.

जोडलं म्हणजे टाके मारले. आधी आठ टाके, पट्ट्या जागेवर धरून ठेवायला. शिंपी कच्चे टाके घालतो ना, फिटिंग बघण्यापुरते, तसेच. मग इंजिन उतरवून बघायचं, जमलं तर पुन्हा वर उचलायचं, आणि मी खाली आडवा होऊन सबंध शिवण मारायची. ठरलं असंच होतं. पण इंजिन उतरवलं आणि ते असं बसलं, असं बसलं, की जसं त्याच्या आईनं पाळण्यात ठेवलं. आपण दोघं नाचलो. तुझे गुडघे आणि माझी कंबर, म्हणजे नाच म्हणायला दोन पावलं, पण नाचलो. मग गिअरबॉक्स जोडला, पाइप जोडले, वायरी जोडल्या, सगळं तात्पुरतं म्हणता म्हणता कायमचं झालं. पाऊस तोंडावर होता म्हणून तू टाक्यांवर काळा रंग मारलास, गंजू नये म्हणून. वरून पाहिलं तर कंपनीचं काम वाटावं.

गेल्या थंडीत इंजिन सुरू झालं. चाकं वर, गाडी चार लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. धाड धाड असा आवाज, की मंगलावहिनींच्या कढईतली भजी न उलटता उलटली. मी म्हणालो, घोडे काढ, एक राउंड मारू. नुसता तलावापर्यंत. तू इंजिन बंद केलंस आणि म्हणालास की आधी वेल्ड.

आता खरं सांगतो. मला कंटाळा आला होता. तीन दिवस ते सगळं पुन्हा उघडायचं, इंजिन चेन-कप्पीवर टांगायचं, आणि पासष्टीतल्या कंबरेनं खाली पडून डोक्यावर ठिणग्या घ्यायच्या. मी म्हणालो की माझा एक टाका ट्रक पेलतो, आणि इथे आठ आहेत. तू म्हणालास की टाका म्हणजे वेल्ड नाही. मी म्हणालो की तू घाबरतोस. मग मी आणखी बोललो. तुझ्या चाळीस वर्षांच्या फिटिंगबद्दल, तुझ्या टेपबद्दल, ते इथे लिहीत नाही. तू सगळं ऐकून घेतलंस. आणि म्हणालास:

"तुया गोष्टीवर मी चाळीस वर्सं हसलो, नामू. तुया वेल्डवर नाई हसू शकत मी."

मी स्कूटरला लाथ मारली आणि बोरसीला घरी आलो. त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, की भाऊ, चालली का तुमची फटफटी? आणि माझ्या तोंडातून निघालं: चालली म्हणजे? एकशेचाळीस. तलावाच्या रस्त्यावर पहाटे. शालिक स्टेअरिंगवर, मी बाजूला, डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. समोरून येणारा ट्रकवाला उतरून सलाम ठोकून गेला. चुटकीसरशी गोष्ट तयार. दुसऱ्या दिवशी ती मरोद्यात पोचली. तिसऱ्या दिवशी तुझ्या लेकीपर्यंत, सुजातापर्यंत, फोनवरून, ती रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून तिकडं मालगाड्या ओढत होती तिथपर्यंत. तुला लोकांनी विचारलं असणार. तू काय म्हणालास? नाही म्हणाला असतास तर मी खोटा पडलो असतो. म्हणून नाही म्हणाला नाहीस, एवढं मला ठाऊक आहे. भांडणातसुद्धा माझी अब्रू सांभाळलीस, लेका, आणि पाहा त्याचं काय झालं.

त्या गोष्टीनंतर तू एक केलंस. स्टेअरिंगला टॅग लावलास.

प्लांटमधला तुझा जुना लाल टॅग. काम चालू आहे, हात लावू नये, खाली नाव. बाहेरच्या लोकांना तो एक पुठ्ठा वाटेल. पण आपल्याकडं तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्या कोणी नाही, मोठ्या साहेबानंही नाही, कारण मशीनच्या पोटात कोणाचा हात आहे ते फक्त टॅगवरच्या नावाला ठाऊक. कन्व्हेअरला टॅग लावून तू तापानं घरी निघून गेला होतास तो दिवस आठव. चार तास मिल उभी. शेवटी तुला आणायला जीप पाठवली. माझ्या गोष्टीत तू स्ट्रेचरवरून येतोस, सलाइनची बाटली साहेबाच्या हातात. खरा तू मफलर गुंडाळून आलास, टॅग काढलास, सही केलीस आणि कोणाकडं न बघता परत गेलास. तुझ्या घरात सुजाता हे ऐकतच मोठी झाली. टॅग आहे म्हणजे मरण आहे. टॅग नाही म्हणजे मशीन मोकळी.

आपण एकोणीस दिवस बोललो नाही. सतराव्या दिवशी तू माझ्या बायकोला, कुसुमला, बाजारात भेटलास आणि निरोप दिलास, की त्याला म्हणावं वेल्डिंगचे रॉड घेऊन ये. एवढाच. कुसुमनं पुढचे दोन्ही दिवस आठवण केली. मी म्हणालो की जाईन, त्याला जरा वाट पाहू दे.

विसाव्या दिवशी सकाळी दाढी करताना तू खुर्चीतच मान टाकलीस. अर्ध्या गालाला साबण होता, वहिनी सांगत होत्या. तो त्यांनी पुसला.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोक भेटायला येत होते. घरात दम कोंडला म्हणून मी शेडमध्ये गेलो. गाडी चाकांवर उभी होती. घोडे तू काढून बाजूला लावले होतेस, कदाचित मी येणार म्हणून, इंजिन उचलायची तयारी म्हणून. आणि स्टेअरिंगला तो टॅग. तुझं अक्षर. मला इतकं भरून आलं, शालिक, की मी तो सोडवला, शर्टानं पुसला, आत आणला आणि तुझ्या फोटोला लावून ठेवला. लोक बघत होते. कोणीतरी रडलं. मी त्यांना एकशेचाळीसची गोष्ट सांगितली, पहिल्यापेक्षा चांगली. त्यात तू मध्येच स्टेअरिंग सोडून दोन्ही हात वर करतोस. सुजाता दाराला टेकून ऐकत होती. हसत होती आणि डोळे पुसत होती.

चाळीस वर्षं प्लांटमध्ये काढून मी दुसऱ्याचा टॅग काढला. हे ज्या दिवशी मी शॉपमध्ये केलं असतं त्या दिवशी मला गेटबाहेर हाकललं असतं, आणि तू पहिला म्हणाला असतास की बरोबर केलं.

दहाव्या दिवशी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. आवाज आला. धाड धाड धाड. आधी वाटलं, स्वप्न. मग वाटलं, इंजिनातली वरात दारात आली. खिडकीतून पाहिलं तर बोरसीच्या आमच्या गल्लीत तुझी लाल गाडी. थकलेला बैल पुढचे पाय फाकवून उभा राहतो तशी तिची पुढची चाकं फाकलेली. आणि स्टेअरिंगवर सुजाता, केस उडालेले, चेहरा उजळलेला. मी धावत पायऱ्या उतरलो.

इंजिन बंद न करताच ती बोलायला लागली. तलावाच्या रस्त्यानं ऐंशीपर्यंत नेली म्हणाली. बाबाच्या एकशेचाळीसला नाही पोचली, स्टेअरिंग फार थरथरत होतं, एका वळणावर पुढून कट कट असा आवाज आला, जुनी गाडी आहे, चालायचंच. आणि मग, "चला काका, बसा ना. तुमी तर बाबाच्या बाजूले बसले होते. एक चक्कर मारून येऊ, फिर मैं निकलती हूं."

मी आयुष्यात हजारदा खोटं बोललो आणि एकदाही गरज नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा गरज पडली. म्हणालो, डिझेल गळून राहिलं. ती उतरून वाकली, म्हणाली, कुठं? कोरडं तर आहे. मी म्हणालो, चहा पी. ती म्हणाली, येऊन पिते. तिनं पाय पुन्हा आत टाकला. मी हात घालून किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"सुजा, ही गाडी तुया बाबानं कधी चालवली नाई."

"काका, मजाक नको ना आज."

"एक इंच नाई चालवली. एकशेचाळीस मी टपरीवर बोललो."

ती हसली. का नाही हसणार? तिनं जन्मापासून माझ्या तोंडून जेवढं ऐकलं त्यातलं सगळ्यात न पटणारं हेच होतं.

मी जॅक लावला, दोन्ही बाजूंना विटांचे थर रचले, तीनदा हलवून पाहिले. पोतं अंथरलं आणि तिला म्हणालो, ये खाली. आम्ही दोघं बाजूबाजूला उताणे झालो. मी स्क्रूड्रायव्हरनं तुझा काळा रंग खरवडला. पहिल्या टाक्यावर बारीक पांढरी रेघ. दुसऱ्यावर तशीच. तिसरा आरपार, त्याच्या पलीकडचा उजेड दिसत होता. ती स्वतः बोटानं मोजायला लागली, हळू आवाजात, एक, दो, तीन. आठातले पाच गेले होते. तीन शिल्लक होते आणि त्यातल्याही एकाची खात्री मी देणार नाही. ही पोरगी ऐंशीनं गेली होती, वळण घेऊन आली होती, आणि पुन्हा जायला निघाली होती.

शेवटच्या तुटलेल्या टाक्यावर बोट ठेवूनच तिनं विचारलं.

"बाबाले मालूम होतं?"

"म्हणून तर टॅग होता."

"मंग टॅग कोणं काढला?"

"मी."

"कावून?"

"फोटोजवळ चांगला दिसत होता," मी म्हणालो.

ती मान वळवून माझ्याकडं बघत राहिली. तुझ्यासारखं ग्लासावरून नाही. सरळ. मी म्हणालो, आईला नको सांगू, तिचं आत्ताच काय काय झालंय. ती म्हणाली की मी नाही सांगणार. मी सुटलो असं वाटतंय तोवर पुढचं वाक्य आलं, की रविवारी बाबाच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर. तुमची गोष्ट सगळ्यांसमोर झाली होती, तर हीही तशीच व्हायला पाहिजे. मग ती उठली, कपडे झटकले आणि बसस्टॉपकडं चालत गेली. किल्ली मागितली नाही.

रविवारपर्यंत मी काय काय केलं ते तुला कळलं असतं तर तू पोट धरून हसला असतास. ताप आलाय म्हणून पाहिलं, कुसुमनं कपाळाला हात लावून सांगितलं की उठा. घसा बसला म्हणून पाहिलं. माझ्या अंगणात तुझी गाडी विटांवर उभी होती, पुढचं तोंड खाली, आणि मी आत-बाहेर करताना तिच्याकडं पाठ ठेवायचो. मला माझ्या नावाची काळजी नव्हती, माझं नाव फेकू म्हणूनच आहे. काळजी तुझी होती. अख्खं मरोदा म्हणतं, शालिकनं इंग्रजी गाडीत जपानी इंजिन बसवून एकशेचाळीस काढली. तू गेल्यावर तुझं एवढंच लोकांच्या तोंडात उरलं, आणि ते मी दिलेलं. ते आता मीच काढून घ्यायचं.

समाजभवन भरलं होतं. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्त्या, वंदना झाली, भन्तेजी बोलले. तुझ्या शॉपमधले दोघं चांगलं बोलले. मग माझं नाव घेतलं तर मागून आवाज आला, "नामूभाऊ, एकशेचाळीसची सांगा." लोक खुर्च्यांत सैलावून बसले. पुढच्या रांगेत मंगलावहिनी पांढऱ्या साडीत, त्यांच्या बाजूला सुजाता. वहिनीसुद्धा थोड्या हसल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा, मला वाटतं.

मी म्हणालो की शालिकची गाडी एक इंचही चालली नाही.

पहिला हशा तिथंच पडला. मी म्हणालो की एकशेचाळीस माझी फेक होती. आणखी हशा. मी म्हणालो की तुळईला माझे आठ टाके होते, कच्चे, शालिकनं पक्कं करायला बोलावलं आणि मी गेलो नाही. तो टॅग लावून गेला आणि तो टॅग मी काढला. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, की आता येते बघ, आता वरात येते. मी म्हणालो की परवा त्यातले पाच टाके रस्त्यावर तुटले. कोणीतरी टाळी वाजवली. मी जेवढं खरं बोलत होतो तेवढे ते हसत होते, आणि मला कळेना की यांना कसं थांबवू. हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

सुजाता उभी राहिली. माईक मागितला नाही.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी बसली होती त्यात."

हसणं मधेच तुटलं. मंगलावहिनींनी तिच्याकडं पाहिलं. मग पोरीचा ताप बघावा तसा तिचा हात मनगटापाशी धरला आणि धरूनच ठेवला. मग हळूच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. सगळं भवन माझ्याकडं पाहत होतं, पुढं काय म्हणून.

मी माईक धरून उभा होतो, शालिक, आणि मले पुढचं काही सुचलं नाई.